दसऱ्याची दरफळणी

"माणूस हा मुळात विनातिकीट प्राणी आहे," धुळे–जळगाव गाडीच्या मधल्या वाटेत उभे राहून एलिझर किहीमकर म्हणाले. "परमेश्वराने त्याला घडवला तेव्हाच तो मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडला होता."

गाडीतल्या मंडळींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. एस.टी.च्या तपासनिसाचं बोलणं ऐकून घ्यावंच लागतं. एलिझर विजयी मुद्रेने उतरायला वळले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गाडी केव्हाच सुटली आहे. त्यांची जीप फागण्याच्या फाट्यावर लिंबाखाली राहिली होती आणि खिडकीतून बाहेर कपाशीची शेतं मागे पळत होती.

"साहेब," कंडक्टर मगन अदबीने म्हणाला, "पारोळ्यापर्यंत येताय ना? मग बसून घ्या. तिकीट फाडू का?"

हे सगळं घडलं ते हिलालमुळे. हिलाल धरणगावला जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्याचा महिन्याचा पास आदल्या दिवशी संपला होता.

"साहेब, एक दिननी गोट शे," हिलाल म्हणाला. "कालदिन सरना पास. आज सांजले नवा काढस."

"दिवस म्हणजे दिवस. काल जेवलास म्हणून आज पोट भरतं का?"

"नही भरत," हिलाल प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग उतर."

त्यामुळे पुढच्या थांब्यावर दोघेही उतरले. हिलाल पासामुळे आणि एलिझर जीपमुळे. उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत दोघे एकाच बाभळीच्या सावलीत बसले. हिलालने बिडी पुढे केली. एलिझरनी ती कुठे वळली, कोणी वळली, याची मनातल्या मनात चौकशी केली आणि नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता. एलिझरना सूर्य मावळायच्या आत धुळ्याला घरी पोहोचून दाराला आतून कडी घालायची होती.

दसऱ्याला कडी का, हा प्रश्न धुळ्याच्या त्या गल्लीला फार वर्षांपासून पडला होता.

किहीमकर हे इस्राएल. पुस्तकात ज्यांना यहुदी म्हणतात ते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. धुळ्यात त्यांना काय म्हणावं याबद्दल एकमत नव्हतं. शेजारच्या मंदाबाईंच्या मते ते ख्रिस्ती होते. मंदाबाईंचे यजमान रुपचंद हे किराणा दुकानात बसून जगाचा विचार करीत. त्यांच्या मते पारशी. त्याच वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी बराच वेळ पेन चावून 'इतर' असं लिहिलं होतं, आणि ते सगळ्यांनाच पटलं होतं.

गल्लीचा संशय मात्र रीतसर होता. दर शुक्रवारी दिवेलागणीला मिलकाबाई किहीमकर तेलाचे दिवे लावून डोळ्यांवर हात घेतात. ही करणी असावी. शनिवारी त्या घरात स्टोव्ह पेटत नाही. म्हणजे शनीची कडक साडेसाती असावी. काळ्या मनुका भिजत घालून, उकळून त्याचं लाल पाणी गाळून ठेवतात. ही तर उघड उघड दारू. रुपचंदांनी एकदा कर्तव्य म्हणून ती चाखून पाहिली आणि हळहळत घरी आले. शिवाय हा मनुष्य पांझरेकाठच्या बाजारात कलाबाईकडे मासे घेतो तेव्हा आधी खवले दाखव म्हणतो. खवले काढून ठेवलेला मासा फुकट दिला तरी घेत नाही. फुकट न घेणाऱ्या माणसावर धुळ्यात कोण विश्वास ठेवणार?

एलिझरही गल्लीवर विश्वास ठेवीत नसत, शेजारून वाटीभर साखरसुद्धा आणीत नसत, त्यामुळे हिशेब बरोबर होता. नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: हसून बोलणाऱ्याचं तिकीट आधी बघावं. मंदाबाई हसून बोलत.

आणि वर्षातून एकदा हे दसऱ्याचं. सगळं गाव झेंडूची तोरणं बांधून, नवे कपडे घालून एकमेकांच्या घरी सोनं द्यायला जातं, त्या दिवशी किहीमकरांच्या घराची दारं-खिडक्या बंद. आत माणसं पांढऱ्या कपड्यांत, अन्नपाण्याशिवाय बसलेली. पांढऱ्या कपड्यांचा शोध मंदाबाईंनी लावला होता, दाराच्या फटीला डोळा लावून. त्या मानाने फट लहान होती.

खरं म्हणजे त्यात गूढ काही नव्हतं. वर्षातून एक दिवस दार लावून, उपाशी राहून, केलेल्या पापांची क्षमा मागायची, हा त्यांचा सण. कोकणातले इस्राएल याला दरफळणी म्हणतात. बाकीची मंडळी त्या दिवशी मुंबईला, ठाण्याला प्रार्थनेला जमतात. धुळ्यात जमायला दुसरं कोणी नव्हतं. एलिझरचे वडील अब्राहम रेल्वेच्या नोकरीत चाळीसगाव–धुळे गाडीबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. शेवटच्या आजारपणात त्यांनी मुलाला सांगितलं, "घट बसले की आपला नव्याचा सण, वर्ष तिथून सुरू. दसऱ्याला दरफळणी. विसरू नको." एलिझर विसरले नाहीत. मुंबईच्या एका नातेवाइकाने पुढे सणांचं छापील कॅलेंडर पाठवू का म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "छापील वेळापत्रकावर विश्वास ठेवायला मी काय प्रवासी आहे?"

त्या दसऱ्यालाही सगळं नेहमीसारखंच झालं. एलिझर, मिलकाबाई आणि सव्वीस वर्षांची मुलगी दीना, तिघं पांढऱ्या कपड्यांत माजघरात बसली. दीना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स होती. एलिझर वडिलांकडून कानांनी शिकलेल्या प्रार्थना म्हणत होते. त्यातले काही शब्द इतक्या वर्षांत गुळगुळीत झाले होते, आणि एका प्रार्थनेची चाल शेजारच्या आरतीच्या फार जवळ जाऊन राहिली होती. दुपार कलल्यावर बाहेर रिक्षा थांबली.

"किहीमकरांचं घर हेच का हो?" एक खणखणीत बायकी आवाज आला.

"हाईच शे," मंदाबाईंचा आवाज. "पन तुम्ही कथाईन उनात?"

"ठाण्याहून. दार का बंद आहे? कोणी गेलं की काय?"

"नही वं बई. दर साल हाईच. बठ्ठं गाव सोनं वाटस, आनि ह्या धवया कपडा घालीसन मझार बसतस."

"आत करतात काय?"

"ते तेस्ले ठाऊक, नि तेस्ना देवले."

आत दीनाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं. एलिझरनी हे दोन्ही पाहिलं.

दाराची कडी वाजली. एलिझर उठले आणि त्यांनी खिडकीची झडप वीतभर उघडली. दार लावायचा नियम होता. खिडकीबद्दल वडील काही बोलले नव्हते.

"कोण?"

बाहेर एक जाडजूड बाई आणि तिच्यामागे मिठाईचा पुडा छातीशी धरलेला एक उंच तरुण उभा होता.

"भाऊ, मी हाना झिराडकर. हा माझा भाचा रूबेन. आईबाप नाहीत त्याला, मीच वाढवलाय. मे महिन्यात तुमच्या मिलकाबाईंच्या भाचीच्या लग्नात तुमची मुलगी आम्ही पाहिली. ते बोलायला आलोय."

"न कळवता?"

"न कळवताच. कळवून गेलं की माणसं चादरी बदलतात."

एलिझरना हे तत्त्व मनापासून पटलं. त्यांची सारी नोकरी झाडाआड उभं राहून गाडी अचानक थांबवण्यात गेली होती. पण त्यामुळेच त्यांचा संशय आणखी बळावला.

"तुम्ही इस्राएल ना?"

"म्हणजे काय? नाव सांगितलं की."

"नाव कोणीही सांगतं. आजच्या दिवशी इस्राएल माणूस उंबरठा ओलांडत नाही, आणि तुम्ही चाळीसगावला गाडी बदलून आलात."

"आज काय आहे?"

"दरफळणी."

बाहेर हानाबाई भाच्याकडे वळून हळूच बोलल्या. पण हळू बोलायची त्यांना सवय नसावी, कारण ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. "रूबेन, फसलो. ही आपली माणसं नव्हेत."

त्याच वेळी एलिझर आत बायकोला सांगत होते, "मिलका, ही आपली माणसं नव्हेत."

"भाऊ," हानाबाई पुन्हा खिडकीशी आल्या, "दरफळणी गेल्या महिन्यातच झाली. ठाण्याच्या मशिदीत मी दिवसभर उभी होते. हा पण होता."

कोकणातले जुने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतात. रुपचंदांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पारशी हे मत तिथल्या तिथे मागे घेतलं.

"छापील कॅलेंडर बघून धरली असेल," एलिझर म्हणाले.

"मग काय बघून धरायची?"

"माझे वडील सांगून गेलेत. घट बसले की नव्याचा सण, दसऱ्याला दरफळणी."

"आणि धोंड्याचा महिना येतो त्या वर्षी?"

उत्तर ओट्याखालून आलं. "औंदा व्हता ना धोंडाना महिना," रुपचंद म्हणाले. "बठ्ठा सन महिनाभर पुढे सरकनात."

गोष्ट एवढीच होती. इस्राएलांचंही वर्ष चंद्रावर चालतं, आणि मेळ बसवायला त्यांनाही अधूनमधून एक महिना जास्त धरावा लागतो. पण तो त्यांच्या हिशेबाने, पंचांगाच्या नव्हे. एरवी दसरा आणि दरफळणी एकमेकांच्या आसपास येतात. धोंड्याचा महिना आला की दसरा महिनाभर पुढे जातो आणि दरफळणी होती तिथेच राहते. अब्राहमजींनी मुलाला सांगितलं ते त्या एका वर्षापुरतं, आणि त्या वर्षी ते अगदी बरोबर होतं. मुलाने त्याचा कायदा केला.

एलिझरच्या डोळ्यांसमोरून दसरे जाऊ लागले. धोंडा आलेले वेगळे, न आलेले वेगळे. मध्येच त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि पाटावर बसले.

"म्हणजे यंदा या घरात दरफळणी कोणी धरलीच नाही," बाहेर हानाबाईंनी निकाल दिला. "गेल्या धोंड्याला पण नाही. भाऊ, राग मानू नका. ज्या घरात त्या दिवशी स्टोव्हवर वरण उकळत होतं, त्या घरातली मुलगी कशी न्यायची? रूबेन, चल."

"आत्या, जरा थांब," रूबेन म्हणाला.

"काय थांबू? चल."

दीना भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की उपासाच्या दिवशी त्याची गरज नव्हती. तेव्हा मिलकाबाई उठल्या. सणाच्या दिवशी हे बाईमाणूस कधी खिडकीपाशी गेलं नव्हतं. त्यांनी एलिझरना बाजूला सारलं आणि झडप पूर्ण उघडली.

"ताई, जाऊ नका. गेल्या महिन्यात दरफळणी धरली होती. मी."

हानाबाई थांबल्या. एलिझर पाटावरून अर्धे उठले.

"तू? कधी?"

"त्या दिवशी नाही का, डोकं दुखतंय म्हणून जेवले नव्हते."

"आणि गेल्या धोंड्याच्या वर्षी?"

"तेव्हा दाढ."

"त्याच्या आधीच्या?"

"तेव्हा तुमची नंदुरबारला ड्यूटी होती. तेव्हा काही दुखवून घ्यावं लागलं नाही."

"तारीख तुला कळायची कशी?"

"माहेरचं कोणी ना कोणी भेटतं पावसाळ्यात. विचारून ठेवते."

"आणि मग दसऱ्याला परत माझ्याबरोबर?"

"मग? तुम्हाला एकट्याला बसवू?"

आयुष्यभर एलिझरनी सीटखाली लपलेले लोक शोधून काढले होते, पुढाऱ्यांच्या मेव्हण्यांना दंड केला होता, आणि घरात ही बाई लग्नापासून समोर बसून प्रवास करत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कोणी सांगितलं. त्याला कोणी सांगितलं. पुरावा काय. मग सासऱ्यांचं नाव निघालं असतं. ते गेले तेव्हा तुमच्याकडे त्यांचं एवढंच तर राहिलं होतं." मिलकाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "त्यापेक्षा एक दिवस जास्त उपाशी राहणं सोपं."

बाहेर रूबेनने घसा साफ केला. "दीना, मी इथेच आहे हां."

एलिझरची मान सावकाश वळली. "हा तुला नावाने हाक कसा मारतो? लग्नात एकदाच भेट झाली ना?"

"पप्पा..."

"एकदाच ना?"

"पप्पा, तो जळगावला डाळमिलमध्ये मशीन बसवायला येतो."

"आणि तुझं जळगावचं ट्रेनिंग?"

दीना काही बोलली नाही. तपासनिसाला एवढं पुरतं. फागण्याच्या फाट्यावर उभं राहून ते जग तपासत असताना त्यांची मुलगी बहुधा त्यांच्याच एखाद्या गाडीतून, तिकीट काढून, समोरून गेली असावी.

"बरं, ते होऊ द्या," हानाबाई बाहेरून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पहिल्यापेक्षा उतरला होता. "बाईंनी धरली असेल तर निदान एक तरी आपलं माणूस घरात आहे. आता दार उघडा भाऊ. आज साधा दिवस आहे."

एव्हाना सारी गल्ली ओट्यासमोर जमली होती. दार उघडलं तर पाहुणे आत येतील, बोलणी होतील, मुलीचं भलं होईल. फक्त आजवरचे ते सगळे दसरे खोटे होते, हे गल्लीसमक्ष कबूल करावं लागेल. दीना उठून कडीपाशी जाऊन उभी राहिली. हात मात्र लावला नाही.

"पप्पा, उघडू?"

एलिझरनी कडीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "चुकलेला दिवस असेल. पण धरलाय. चांदण्या दिसल्याशिवाय सोडणार नाही." मग खिडकीकडे तोंड करून, थोड्या खालच्या आवाजात, "ताई, तुम्हाला जायचं तर जा. मी अडवू शकत नाही."

दीना कडीपासून मागे आली आणि रडली नाही. त्यानेच एलिझरना जास्त त्रास झाला.

हानाबाईंनी ओट्याकडे पाहिलं, पदराने धूळ झटकली आणि बैठक मारली. "बसते मी. बघते तरी."

हानाबाई बसल्या म्हणजे गप्प बसल्या असं नव्हे. त्यांनी मंदाबाईंना जवळ बोलावून घेतलं आणि चौकशी सुरू केली. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. मंदाबाई इतकी वर्षं किहीमकरांवर संशय घेत आल्या होत्या. पण तो त्यांचा, गल्लीचा संशय होता. ठाण्याच्या बाईने येऊन त्यात हात घालावा हे त्यांना आवडलं नाही.

"शुक्रवारी काय करतात?" हानाबाईंनी विचारलं.

"दिवा लावतस. डोयावर हात धरतस. एक शुक्रवार चुकना नही."

"शनिवारी?"

"चूल नही, स्टोव्ह नही. आगपेटीले हात नही."

"मासे?"

"खवला देखाडाशिवाय लेत नही. कलाबाई दखीसनी पयी जास."

"मनुकांचं सरबत?"

"फिक्कं रास," रुपचंद मध्येच म्हणाले आणि मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर दूर झाले.

गल्लीने एवढ्या वर्षांत जमवलेला संशय दाखल्यांसारखा एकेक करून हानाबाईंच्या पदरात पडत गेला. त्या प्रत्येक वेळी मान हलवत; हे सगळे इस्राएलांचेच नियम होते. शेवटी मंदाबाई म्हणाल्या, "मानूस खडूस शे बई. पन खोटा नही."

आत हे सगळं ऐकू येत होतं. एलिझर भिंतीला टेकून बसले होते. उजेड झडपेतून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेला होता.

"मिलका," ते हळू म्हणाले, "काल मी एकाला खाली उतरवलं. पास एक दिवस जुना होता त्याचा."

"तुमचं कामच आहे ते."

"माझा महिन्याने जुना होता." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे ते सगळे गेले? माझे धरलेले?"

मिलकाबाईंना उपदेश करता येत नसे. "मी तुमचं नाव घ्यायचे ना," त्या म्हणाल्या. "खऱ्या दिवशी. आधी तुमचं, मग दीनाचं."

"आणि तुझं?"

"वेळ मिळाला तर."

एलिझरनी डोळे मिटून घेतले. मग पुन्हा प्रार्थना म्हणायला लागले. चाल तीच, आरतीच्या जवळची. आणि ओट्यावरून, त्यांच्या एका ओळीनंतर, हानाबाईंच्या जाड आवाजात पुढची ओळ आली. एलिझर थबकले. त्यांनी म्हटलेला शब्द आणि बाईंनी म्हटलेला शब्द यांत फरक होता. बाईंचा बहुधा बरोबर असावा. त्यांनी आपलाच म्हटला, पण जरा हळू.

सूर्य मावळला. सीमोल्लंघन करून लोक परतू लागले, आणि या गल्लीत आले की थांबू लागले. उपास सोडायला आकाशात तीन चांदण्या दिसाव्या लागतात, हे हानाबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे दसऱ्याच्या नव्या कपड्यांतली सारी गल्ली माना वर करून उभी होती.

"एक दिखनी!" रुपचंद ओरडले. "लिंबना झाडवर!"

"दिशा?" आतून आवाज आला.

"उगवती कडे."

"ठीक. दुसरी?"

"हाई काय, चिमनीवर."

"तो मिलचा दिवा आहे. लाल आहे का बघा."

रुपचंदांनी पाहिलं. लाल होता. लोक हसले. दुसरी चांदणी सापडली, तिच्यावर थोडा वाद झाला आणि ती मंजूर झाली. तिसरीबाबत मात्र साक्षी फुटू लागल्या. कोणी इकडे बोट दाखवी, कोणी तिकडे, आणि खिडकीतून एलिझरना काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते समोरच्या घराचं पत्र्याचं छप्पर. गल्लीच्या शब्दावर त्यांनी आजवर रिक्षाचं भाडंसुद्धा दिलं नव्हतं.

"तिसरी कोणी पाहिली?" त्यांनी विचारलं. "नक्की सांगा."

हानाबाई ओट्यावरून उठल्या, गुडघा धरून दोन पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याच्या मध्यभागी जाऊन वर पाहत राहिल्या. ज्या दिवसाला त्या खोटा म्हणाल्या होत्या, त्या दिवसाची चांदणी त्यांनी नीट वेळ घेऊन शोधली.

"मी पाहिली भाऊ," त्या म्हणाल्या. "सरलाय तुमचा दिवस. उघडा."

एलिझरनी उलट प्रश्न विचारला नाही. कडी निघाल्याचा आवाज झाला.

दारात तिघं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. हानाबाईंनी आत पाऊल टाकण्यापूर्वी चौकटीवर ठोकलेल्या लहानशा नळीला बोटं लावली आणि ती ओठांना टेकवली. देववचनाची चिठ्ठी आत घातलेली तशी नळी इस्राएलांच्या दाराला असतेच. गल्ली तिला थर्मामीटर समजत होती. एलिझरनी बाईंची बोटं नळीला खरोखर लागली की नाही हे वाकून पाहिलं. लागली होती. मग बाईंनी दीनाची हनुवटी धरून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला.

"एवढा हट्टी बाप आपल्या माणसांशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसतो," त्या म्हणाल्या. "रूबेन, पुडा दे तिला. कधीचा धरून उभा आहेस." आणि एलिझरकडे वळून, "पोरगी आम्हाला पसंत आहे. लग्नाची तारीख मात्र आम्ही काढू. तुम्ही काढू नका."

मिलकाबाई पहिल्यांदा हसल्या. पुडा देताना रूबेनचा हात दीनाच्या हाताला लागला. तो तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ राहिला आणि तपासनिसाने तिकडे पाठ केली.

गल्ली अजून हललेली नव्हती. दसऱ्याच्या दिवशी हे दार उघडं असलेलं कोणी पाहिलं नव्हतं, आणि आता किहीमकर काहीतरी बोलणार हे सगळ्यांना दिसत होतं. ते ओट्यावर आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दिवसभराच्या उपासाने बसलेले गाल. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि एकदा जमलेल्या माणसांकडे. मग पायऱ्या उतरून, सगळ्यांना ओलांडून ते थेट मंदाबाईंच्या ओट्यापाशी गेले. मंदाबाईंनी नकळत पदर डोक्यावर घेतला. रुपचंद उठून उभे राहिले. कोणीतरी पोराला गप्प केलं.

एलिझरनी दोनदा घसा साफ केला.

"वहिनी," ते म्हणाले, "चहापुरतं वाटीभर दूध असेल का?"